संमोहनाआधीचा कबुलीजबाब

संमोहनात माणूस खरं बोलतो, या समजुतीपायी मी बडनेरा ते अकोला एवढ्या अंतरात बायकोपुढे पाच गुन्हे कबूल केले. संमोहन त्यानंतर दोन तासांनी सुरू झालं. (त्यात मला कुणीच कसलंही गुपित विचारलं नाही.)

पण आधी पोटाचं सांगतो, कारण सगळी भानगड तिथूनच सुरू झाली.

मी कृषी सहायक होतो. राहायला अमरावतीला आणि नेमणूक नांदगाव खंडेश्वर तालुक्यात. वऱ्हाडात कापसाची वर्षं एकामागून एक वाईट चालली होती आणि गावात माझी मोटरसायकल शिरली की पारावरची माणसं उठून जवळ यायची. 'साहेब, औंदा काय पेरू?' एवढंच विचारायची. माझ्याकडे छापील पत्रकं होती, उत्तर नव्हतं. काही घरांत तर आठ दिवसांपूर्वी चहा घेतलेला असायचा आणि आता तिथंच तहसीलदार साहेबांच्या मागे आत्महत्येच्या चौकशीचे कागद धरून उभं राहावं लागायचं. अशा घरात आपल्याला कोणी वाकडं बोलत नाही. उलट पाणी विचारतात. त्या पाण्यानंतर माझ्या पोटात जी कळ यायची, ती थेट गावाबाहेर जाऊन थांबायची.

पुढं पुढं तर गावाची पाटी दिसली तरी पोट ढवळायचं. अमरावती ते नांदगाव रस्त्यावर कोणत्या पेट्रोलपंपाच्या संडासाला कडी आहे, कोणत्या शाळेच्या हेडमास्तरांशी गोड राहायला हवं, कोणत्या नाल्यात बारा महिने आडोसा मिळतो, हे मला तोंडपाठ झालं होतं. खात्याचा नकाशा माझ्याइतका बारकाईनं कोणीच अभ्यासला नसेल.

शेवटी अमरावतीच्या पोटाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी की शौचातून रक्त जातंय, ही गोष्ट साधी समजायची नाही, दुर्बिणीतून आतड्याची तपासणी करायची. दुसरी अशी की बाकीचा त्रास बहुतेक आतडं हळवं झाल्याचा दिसतो, त्याला गोळ्या देतो, आणि गोळ्यांच्या जोडीला अकोल्याच्या एक डॉक्टर संमोहन उपचार करतात, त्याचा अशा पोटाला उपयोग होतो, तिकडेही जाऊन या. त्यांनी चिठ्ठीसुद्धा दिली.

घरी येऊन मी बायकोला, म्हणजे कुमुदला, रक्ताचं सांगितलंच नाही. उगाच घाबरली असती. (मी घाबरलो होतो, तेवढं एका घराला पुरेसं होतं.) दुर्बिणीचं मात्र सांगावं लागलं, कारण आदल्या दिवशी पोट साफ करायची पावडर पाण्यात कालवून प्यायची होती आणि तो कार्यक्रम कोणत्याही बायकोपासून लपण्यासारखा नव्हता.

तपासणीच्या दिवशी मोठ्या रुबाबात तिला म्हणालो, तू नको येऊ, अर्ध्या तासाचं काम आहे. दवाखान्यात मला मागं गाठी असलेला हिरवा झगा घालायला दिला. एका बाकावर बसवलं. समोरचं दार अर्धवट उघडं होतं आणि आत भिंतीला ती नळी टांगलेली होती. काळी, लांब, चांगली हातभर असेल असं वाटलं होतं, ती संपतच नव्हती. मी उगवणीच्या चाचण्या करणारा माणूस, लांबी डोळ्यानं मोजायची सवय. मोजली आणि उठलो. पँट चढवली, झगा बाकावर घडी करून ठेवला आणि निघालो. तीन तास एका बगिच्यात बसून राहिलो. घरी जाऊन सांगितलं, "झालं. सगळं नॉर्मल आहे."

कुमुदनं देवापुढे साखर ठेवली. ती साखर मीही खाल्ली.

संमोहनाचं मी तिला सहज बोलून गेलो होतो, ते तिच्या लक्षात बरोब्बर राहिलं होतं. आता अकोल्याला जाऊ म्हणाली. मलाही बेत आवडला. डोळे मिटून खुर्चीत बसायचं आणि कोणीतरी गोड बोलून पोट बरं करायचं. तसं झालं तर नळीची गरजच काय? असा हिशेब मी मनात बसवला आणि खुशीत होकार दिला.

ती खुशी माझ्या मेहुण्यानं घालवली. दिनकरभाऊ म्हणजे कुमुदचे थोरले भाऊ. अकोल्यात त्यांचं ओलिताच्या मोटारी दुरुस्तीचं दुकान. आदल्या आठवड्यात आमच्याकडे आले तेव्हा संमोहनाचं नाव काढताच त्यांचे डोळे चमकले. त्यांनी म्हणे एका जत्रेत प्रयोग पाहिला होता. स्टेजवर एका तलाठ्याला बसवलं, जादूगारानं बोटं फिरवली आणि तो गडी हजार माणसांपुढं स्वतःच्या भानगडी सांगू लागला.

"जवाई, त्याच्यात मानसाले काई लपोताच येत नाई," दिनकरभाऊ म्हणाले. "जे इचारलं ते भडाभडा सांगते."

"हो का?" कुमुद म्हणाली. "मंग मी येतोच संगं."

(वऱ्हाडात बायका 'येतो', 'जातो' म्हणतात. पुण्याच्या वाचकांनी दचकू नये. दचकायचं काम त्या क्षणी मी एकटा करत होतो.)

तीन दिवस मला जेवण गेलं नाही. दुर्बिणीची थाप संमोहनात बाहेर पडणार आणि तीही कुमुदच्या समोर. त्यापेक्षा आपणच आधी सांगून टाकावं, असं ठरवलं. पण एकदम मोठी गोष्ट कशी सांगायची? आधी बारक्यासारक्या कबूल करून तिचं मन तयार करावं, मग मुद्द्यावर यावं. बडनेऱ्याला पॅसेंजरमध्ये खिडकीशी जागा मिळाली. ती समोर बसली. मी घसा साफ केला.

कुरूम स्टेशनावर खर्रा कबूल केला. तंबाखू-सुपारी घोटलेला तो प्रकार सोडल्याची शपथ मी दिवाळीत घेतली होती, प्रत्यक्षात तो ऑफिसात बियाण्याच्या नमुन्याच्या पाकिटात ठेवत होतो. कुमुद म्हणाली की तिला माहीत आहे, शर्टाच्या खिशाला वास येतो.

मानाला गाडी थांबली तेव्हा तिच्या मामांनी दिलेल्या शर्टपीसचं सांगितलं. तो मी आमच्या शिपायाला देऊन टाकला होता. तेही तिला माहीत होतं. शिपाई तोच शर्ट घालून संक्रांतीला आमच्याकडे तीळगूळ घ्यायला आला होता, आणि तिनंच त्याला हा रंग तुला शोभतो म्हणून सांगितलं होतं.

एवढं सोपं जातंय म्हटल्यावर मला जोर आला. मूर्तिजापूरला दिनकरभाऊंची लुना काढली. ती मी चालवायला आणली होती आणि त्यांच्या गल्लीतल्या म्हशीनं धडक दिल्यामुळे वाकली असं सांगितलं होतं. म्हैस नव्हतीच. मी स्वतः नालीत गेलो होतो.

हे मात्र तिला माहीत नव्हतं. "माय गं! भाऊ त्या म्हशीवाल्यासंग अजून बोलत नाई," ती म्हणाली.

खरं तर इथं थांबायला हवं होतं. पण गाडीनं वेग घेतला होता आणि मीही. काटेपूर्णा येईपर्यंत लोणच्याची बरणी सांगून झाली. ती मांजरानं पाडली नव्हती, कोपर माझं लागलं होतं. त्या मांजरीला कुमुदनं पिशवीत घालून पार गावाबाहेर सोडून यायला लावलं होतं, आणि ते कामही मीच केलं होतं.

कुमुदनं बोटांवर मोजलं. "म्हैस झाली, मांजर झाली," ती म्हणाली. "अजून कोनतं जनावर ऱ्हायलं?"

शेजारचे एक गृहस्थ पेपर वाचायचे थांबले होते. मी आवाज खाली आणून पाचवी गोष्ट सांगितली. तिचे आईवडील थकले होते, म्हणून अकोल्याकडे बदली मागायची असं आमचं ठरलं होतं. दोन वर्षं मी तिला सांगत होतो की अर्ज वर गेलाय, साहेब बघतायत. अर्ज मी लिहिलाच नव्हता. नवीन तालुका, नवीन गावं, तेच प्रश्न, आणि तिथले तर नालेसुद्धा ओळखीचे नव्हते.

ती खिडकीकडे तोंड करून बसली. बोरगाव गेलं. मला अजून दुर्बीण सांगायची होती. गाडीनं शिटी दिली, अकोला आलं, प्लॅटफॉर्मवर दिनकरभाऊ हसत उभे होते.

ते आम्हाला दवाखान्यात पोचवून जाणार होते, पण आत आल्यावर बाकावर ठाण मांडून बसले. त्यांनाही मला एकदोन गोष्टी विचारायच्या होत्या. लुनेविषयी असाव्यात.

डॉक्टर नसरीन मॅडम पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, चष्मा साखळीला लावलेला. मी काळा पडदा, फिरतं चक्र वगैरे शोधत होतो. तिथं टेबल, दोन खुर्च्या, एक आरामखुर्ची आणि कुरकुरणारा पंखा होता. त्यांनी चिठ्ठी उघडली, सावकाश वाचली आणि साधा प्रश्न विचारला.

"दुर्बिणीचा रिपोर्ट आणलाय?"

बस. ना बोटं फिरवली, ना डोळ्यांत पाहिलं. मी टक्क जागा होतो, आणि मी भडाभडा सगळं सांगितलं. झगा, बाक, नळी, बगिचा, साखर. सांगताना कुमुदकडे पाहायची हिंमत नव्हती. सांगून झाल्यावर मॅडमनी शांतपणे विचारलं की रक्त अजून जातं का, आणि किती दिवसांपासून.

"रक्त?" कुमुद म्हणाली.

तिचा तो आवाज मी लग्नाच्या सतरा वर्षांत ऐकला नव्हता. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तिनं फक्त माझा हात धरला, आणि इतका घट्ट धरला की बांगडीचा वळ उठला.

मी घाईघाईनं मॅडमना माझा बेत सांगितला. तुम्ही संमोहनातच पोटाला समजावून सांगा, म्हणजे नळीची गरज पडणार नाही. त्या हसल्या नाहीत.

"तुमच्या पोटात काय आहे, ते मला तुमचे डोळे मिटवून दिसणार नाही," त्या म्हणाल्या. "ते दुर्बिणीतूनच दिसतं. आधी ती तपासणी. त्याशिवाय मी पोटावर उपचार करणार नाही."

मग त्यांनी नीट समजावलं. संमोहन म्हणजे झोप नाही आणि जादू तर नाहीच. लक्ष एका जागी आणायचं, अंग सैल सोडायचं आणि त्या अवस्थेत मनाला काही गोष्टी सुचवायच्या. माणूस सगळं ऐकत असतो, वाटेल तेव्हा डोळे उघडू शकतो आणि नको ते सांगत नाही. ज्याला करायचं नाही त्याच्यावर ते होत नाही. हळव्या आतड्याला, दुखण्याला, तपासणीच्या भीतीला त्याची मदत होते, पण औषधाच्या जोडीला. औषधाच्या जागी नाही.

माझ्या कानात एकच वाक्य अडकलं. मी विचारलं, "म्हणजे यात गुपितं बाहेर येत नाहीत?"

"नाही हो. कोणी सांगितलं तुम्हाला?"

सगळ्यांनी बाकाकडे पाहिलं. दिनकरभाऊ उठले आणि दुकान उघडं टाकून आलोय म्हणाले.

"मॅडम," कुमुद म्हणाली, "यायनं सारं गाडीतच सांगून टाकलं. डबा भरून लोकायनं आयकलं."

तेव्हा मात्र मॅडमना हसू आवरलं नाही. त्या म्हणाल्या की चला, तुमचं निम्मं काम झालंय, आज आपण फक्त नळीच्या भीतीवर काम करू. मला आरामखुर्चीत बसवलं, पाय सैल सोडायला सांगितले आणि विचारलं की तुम्हाला अगदी निर्धास्त वाटतं अशी एखादी जागा कोणती? नदीकाठ, मंदिर, शेत, काहीही.

मी खूप विचार केला. खोटं बोलून त्या दिवसापर्यंत माझं पोट भरलं होतं. म्हणून खरं ते सांगितलं. "नांदगावच्या ऑफिसचा संडास."

कुमुदनं कपाळाला हात लावला. मॅडम मात्र म्हणाल्या, "ठीक आहे. तिथंच जाऊ." आणि त्यांनी इतक्या आदरानं मला त्या निळ्या दारापाशी नेलं, कडी लावून घेतली, वरच्या झरोक्यातून ऊन पडतंय म्हणाल्या, की माझे खांदे आपोआप खाली आले. पंख्याची कुरकुर ऐकू येत होती. बाहेर कोणी तरी स्कूटर चालू करत होतं. मी जागा होतो, फक्त कशाचीच घाई नव्हती. मग त्यांनी विचारलं की ठिबक सिंचनाच्या नळीत दाब वाढला की तुम्ही काय करता? मी डोळे मिटूनच म्हणालो, बायपासची चावी उघडतो. मग उघडा, त्या म्हणाल्या. मी उघडली. किती तरी महिन्यांनी पोटातली मूठ सुटली. डोळ्यांतून पाणी आलं आणि ते का आलं ते मॅडमनी विचारलं नाही. मला वाटतं, एवढ्या गावांत एवढे प्रश्न झेलल्यावर मला कोणी न विचारण्याचीच गरज होती.

घरी सरावासाठी त्यांनी आपल्या आवाजात एक कॅसेट भरून दिली. ती रोज संध्याकाळी लावायची. कॅसेट लावली की तिसऱ्या मिनिटाला कुमुद झोपायची आणि भाकरीचा तवा मला उतरवावा लागायचा. तरी मी नेमानं लावली. बारा दिवसांनी अमरावतीच्या दवाखान्यात परत हिरवा झगा घातला. या वेळी कुमुद दारात खुर्ची टाकून बसली होती. (माझी पँट तिच्या पिशवीत होती. पुढचं बोलणं नको.)

गुंगीचं इंजेक्शन मिळालं, त्याआधी मी निळ्या दाराची कडी लावून घेतली होती. नळी पाहिली. लांबच होती. पण मी पळालो नाही. डॉक्टरांनी तपासणी करतानाच आतड्यातून हरभऱ्याएवढा एक मांसाचा कोंब काढला. तो तसाच वाढू दिला असता तर पुढं काय झालं असतं सांगता येत नाही, असं म्हणाले. तो तपासायला पाठवला.

रिपोर्ट यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत कुमुदनं मला लुनेबद्दल, बरणीबद्दल, कशाबद्दलच बोल लावला नाही. उलट दोन्ही वेळा मऊ भात करून वाढायची. तिच्या त्या गोड वागण्यानं मी पार खचलो. एवढी गोड ती वागतेय म्हणजे आपलं काही खरं नाही, असं वाटायचं.

नवव्या दिवशी डॉक्टरांनी कागद वाचून मान हलवली. कोंब साधा होता. कर्करोग नव्हता. रक्ताला तो आणि थोडी मूळव्याध कारणीभूत होती. काही वर्षांनी परत एकदा दुर्बीण करायची, बाकी भिण्याचं कारण नाही. आम्ही दोघं बाहेर आलो आणि दवाखान्याच्या पायऱ्यांवरच बसलो. माणसं बाजूनं चढत होती, उतरत होती. कुमुद पदरानं तोंड पुसत राहिली. मग उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "आता घरी चाला. बदलीचा अर्ज लिहायचा हाय."

तिचा तो नेहमीचा आवाज ऐकला आणि माझा जीव भांड्यात पडला. घरी गेल्यावर अर्ज तिनं सांगितला, मी लिहिला. सहीपुरतं तरी माझं चालू दे म्हणालो, तेव्हा तिनं बोट ठेवून जागा दाखवली.

त्यानंतर पोटासाठी नसरीन मॅडमकडे सात बैठका झाल्या. गोळ्या चालूच होत्या. बदली अजून व्हायची होती, म्हणून गावं तीच होती, प्रश्न तेच होते, आणि उत्तर अजूनही माझ्याकडे नव्हतं. पण आता मी पारावर बसून सांगू शकत होतो की दादा, मलेही माहीत नाही, आपण दोघं मिळून पाहू. ते सांगेपर्यंत पोट थांबायचं. कळ यायची, पण गावाबाहेर न्यायची नाही. माझ्यासाठी हे फार मोठं होतं.

या यशानं मी थोडा चढलो, हे कबूल करायला हवं. ऑफिसात मी संमोहनाचा जाणकार झालो. चहाच्या वेळी डोळे अर्धे मिटून सांगायचो की सर्वांना खोल जाता येत नाही, त्याला मनाची पातळी लागते; माझी तर तिसऱ्या आणि पाचव्या बैठकीत समाधीच लागली होती, देहाचं भान नव्हतं, वेळ कसा गेला कळलं नाही. आमचे साहेबसुद्धा मान डोलवायचे.

शेवटच्या बैठकीला मॅडम म्हणाल्या की आता यायची गरज नाही, सराव चालू ठेवा. निघताना मी नम्रपणे, कुमुदला नीट ऐकू जाईल अशा बेतानं, त्या दोन बैठकांचा विषय काढला. म्हटलं, मॅडम, इतकं खोल जाणारे पेशंट तुमच्याकडे थोडेच असतील.

मॅडमनी कागद चाळले आणि चष्मा खाली घेतला. "तिसरी आणि पाचवी ना? त्या मी मोजल्याच नाहीत. दोन्ही वेळा तुम्ही घोरत होता. मी शब्दकोडं सोडवलं."